तिसऱ्या भागातली माणसं

‘शततारका’ या मालिकेचा तिसरा भाग आशा भोयेनं कधी पाहिलाच नव्हता, आणि ही गोष्ट ती ग्रुपमध्ये कुणाला कळू देत नसे. बावन्न भागांपैकी पंचेचाळीस तिला जवळजवळ पाठ होते. सुरगाण्याजवळच्या आश्रमशाळेत ती चौथीत असताना वसतिगृहात टीव्ही आला, तोवर सात भाग होऊन गेले होते. आठव्या भागापासून मात्र दर गुरुवारी संध्याकाळी ती सगळ्यांच्या आधी सतरंजीवर जाऊन बसायची. अंतराळयान, त्याची कॅप्टन, परके सूर्य, परकी माणसं. हॉस्टेलच्या पत्र्याखाली बसून घरची आठवण येणाऱ्या मुलीला ते यान फार जवळचं वाटलं. तीही घरापासून लांबच होती.

आता ती पस्तीस वर्षांची होती आणि पंचवटीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. इंटरनेटवर कुणीतरी ‘शततारका’ टाकली होती, पण तीही आठव्या भागापासूनच. पहिले सात भाग वाहिनीकडेसुद्धा उरले नव्हते म्हणे. ते होते फक्त समाधान पगारे यांच्याकडे. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लिपिक असलेल्या या गृहस्थांनी तरुणपणी मित्राच्या व्हीसीआरवर ते टेप करून ठेवले होते. मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप त्यांनीच उभा केला होता आणि सगळे त्यांना सर म्हणत. वर्षातून एकदा, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, उपनगरच्या त्यांच्या कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये सर तिसरा भाग दाखवत. त्या रविवारी, ग्रुपात आल्यापासून आठव्या महिन्यात, आशा हॉलमध्ये शिरली.

“दिझ्बुद्ना!” दारातच चैतालीनं हात वर करून तिचं स्वागत केलं.

“दिझ्बुद्ना,” आशानंही हात वर केला.

हा ग्रुपचा नमस्कार होता. तिसऱ्या भागात काळ्या ग्रहावरचे रहिवासी पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांचा म्होरक्या हाच शब्द उच्चारतो, आणि कॅप्टन त्याचा अर्थ सांगते, “तारा अजून जिवंत आहे.” ग्रुपच्या टी-शर्टांवर पाठीमागे हेच छापलेलं होतं. त्या रहिवाशांच्या बोलण्यातून समाधान सरांनी त्रेसष्ट शब्द वेगळे काढून त्यांचा कोश केला होता. एप्रिलमध्ये मालिकेला सव्वीस वर्षं होत होती. त्या वेळी मोठा कार्यक्रम करून तो कोश पुस्तकरूपानं काढायचा होता.

खिडक्यांचे पडदे ओढले गेले आणि भाग सुरू झाला. टेप जुनी, चित्राला मुंग्या आलेल्या. तरी आशा हरखून बघत होती. चौदाव्या मिनिटाला यान उतरलं. काळा, भेगाळलेला, दूरवर पसरलेला कातळ दिसला. पलीकडून अकरा माणसं चालत आली. अंगाला काजळ फासलेलं, कपाळाला चकचकीत पत्र्याच्या पट्ट्या. म्होरक्यानं हात वर केला. आवाज यंत्रातून काढलेला होता, चिमणीसारखा बारीक आणि घुमणारा.

“दिझ्बुद्ना!”

हॉलमधल्या वीस-पंचवीस जणांनी हात वर करून त्याच्याबरोबर तो शब्द म्हटला. आशानंही हात वर केला, आणि तो तिथंच राहिला.

म्होरक्याच्या मागे एक बाई कडेवर लहान पोर घेऊन उभी होती. ती शेजारच्या माणसाला काहीतरी म्हणाली. शब्द घुमण्यात विरघळले होते, पण त्या वाक्याची चाल, शेवटी वर जाऊन एकदम खाली येणारी ती चाल, आशाला ठाऊक होती. तिची आई असंच विचारायची. घरात पाहुणा आला, की चुलीपाशी बसल्या बसल्या, अगदी असंच.

भाग संपला, चहा झाला आणि दरवर्षीचा वाद रंगला. त्या मरत्या ग्रहावरच्या माणसांना कॅप्टननं यानातून का नेलं नाही? चैताली म्हणाली, त्यांच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही हा यानाचा नियमच होता. सनी म्हणाला, नियम वगैरे काही नाही, यानात इंधन नव्हतं, बाराव्या भागात तसं स्पष्ट आहे. सनी लग्नाकार्यात साउंड सिस्टिम लावायचा, आणि वाद घालतानाही माइकपुढे असल्यासारखा बोलायचा.

“त्यांना यायचंच नव्हतं,” समाधान सर म्हणाले. त्यांनी कोशाचं रजिस्टर उघडलं. “त्यांचं पहिलं वाक्यच बघा. तारा जिवंत आहे. ज्यांची अशी श्रद्धा आहे ते कशाला निघतील?”

“सर,” आशा म्हणाली. “तो ‘दिस बुडना’ म्हणतोय.”

“तेच तर. दिझ्बुद्ना.”

“नाही सर. दिस, बुडना. म्हणजे दिवस मावळला. ही आमची भाषा आहे. कोकणी. गोव्याची नाही, आमच्या डोंगरातली.”

ग्रुपमधला बंटी हसला, त्याच्यामागून आणखी दोघंतिघं. सर मात्र हसले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, “आशा, असं होतं. कान ओळखीचं शोधत असतो. मागे एकाला त्यात तमिळ सापडलं होतं.”

“पुन्हा एकदा लावता का?”

त्यांनी लावलं. आशा पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. “ही बाई विचारतेय, पोरीला पाणी दिलं का. आणि हा उंच माणूस, जो लांबलचक बोलतो...”

“भाकीत सांगतो,” चैतालीनं सांगितलं.

“त्यात बैल म्हणतोय. दोनदा.”

आता हसू आवरणं कुणाला शक्य नव्हतं. ग्रुपमध्ये त्या भाकितावर पानंच्या पानं लिहिली गेली होती. “म्हणजे विश्वाचा अंत बैलामुळे होतो?” बंटीनं विचारलं. आशाला राग आला नाही. आठ महिने तीही तो शब्द हात वर करून म्हणत होतीच. पण ती हसलीही नाही.

“समज, तू म्हणतेस तसं असेल,” सर म्हणाले. “तरी मालिकेत कॅप्टन जो अर्थ सांगते तोच अर्थ. शूटिंगला आलेली माणसं आपसात काय बोलली, त्याला काय महत्त्व?”

“त्यांना असेल ना.”

“कोणाला?”

“बोलणाऱ्यांना. कोण होते ते, सर?”

सरांनी टेप शेवटापर्यंत पळवली. नावं सरकू लागली. कॅप्टन, अधिकारी, रंगभूषा, दिवे, चहा-नाश्ता पुरवणाऱ्याचं नाव. सगळ्यात खाली एकच शब्द होता: ‘स्थानिक’.

“बघ,” सर म्हणाले, त्यांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं होतं. “कुठं शोधणार?”

“मी शोधते,” आशा म्हणाली. “ती चार मिनिटं मला द्या.”

सर टेपची नक्कल कुणालाही देत नसत, आणि त्यालाही कारण होतं. पूर्वी एकाला दिलेला पहिला भाग त्यानं आपल्या नावानं इंटरनेटवर चढवला होता; मोठं भांडण करून तो काढायला लावावा लागला. त्या दिवशी ते ‘बघू’ म्हणाले. आशा मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, बिलांची गडबड आहे. ती गुरुवारी पुन्हा गेली. सोमवारी तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला.

“चारच मिनिटं आहेत. आणि हे बघ, मला चुकीचं ठरवायचं असेल तर नीट ठरव. एखादा शब्द जुळला, एवढ्यावर मी ऐकणार नाही.”

“नीटच ठरवीन,” ती म्हणाली.

त्या शनिवारी ती गावी गेली आणि आईला मोबाइलवर ती चार मिनिटं दाखवली. आईनं आवाजाकडे लक्षच दिलं नाही, चित्र हातात धरून डोळ्यांजवळ नेलं. “हा बोरीपाड्याचा कातळ. माझी मामेबहीण दिली होती तिथं, आता नाही ती. त्या वेळी सांगत होती, मुंबईचे लोक आले, माणसांना भुतं बनवून नाचवलं म्हणून.”

रविवारी सकाळी आशा पेठच्या गाडीत बसली, तिथून काळीपिवळीनं फाट्यापर्यंत गेली आणि पुढचं चालत. बोरीपाड्यात पहिल्या दोन घरी लोकांनी खांदे उडवले. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा टोपली विणत बसला होता. तो म्हणाला, “तानुबाईकडे जा. पण ती तुला हाकलणार.”

तानुबाई गावित पन्नाशीची, काटक बाई होती. नागली पाखडत होती. आशानं कोकणीतच विषय काढला तसं तिनं सूप खाली ठेवलं.

“फिल्लमवाल्यांची आहेस?”

“नाही मावशी. भोयांची आहे, सुरगाण्याकडची.”

“मग त्यांचं नाव काढू नको. एक दिवस बोलावलं न् सगळ्यांना काळं फासलं. संध्याकाळी गाडीनं सोडू म्हणाले, ती गाडी आलीच नाही. तसंच चालत आलो. पुढं वर्षभर पोरं मला भुताची बायको म्हणायची.” ती थांबली. “त्यात आम्ही दिसतो का?”

आशानं मोबाइल पुढे केला. तानुबाई बराच वेळ बघत राहिली. कडेवर पोर घेतलेल्या बाईवर तिनं बोट ठेवलं आणि ‘ही मी’ म्हणाली. मग म्होरक्या हात वर करून पुढे आला आणि तिचा हात मागे आला.

“हा माना गोहो,” ती पडद्यावरच्या आपल्या नवऱ्याकडे बघत म्हणाली. “मंगळू. बारा वर्षं झाली. काविळीनं गेला.”

त्याचा एकही फोटो घरात नव्हता. आधार कार्डावर होता तो पावसात कुजला, असं तिनं सांगितलं. आशानं पुन्हा लावलं. तानुबाईनं या वेळी डोळे मिटून ऐकलं, आणि मोबाइल परत आशाच्या हातात दिला.

“तोंड त्याचं आहे. आवाज त्याचा नाहीं आहा. असा चिमणीसारखा नव्हता तो. ने हे.”

“मावशी, त्यांनी यंत्रानं आवाज बदललाय.”

“मग बदललेलंच राहिलं ना,” तानुबाई म्हणाली आणि तिनं सूप उचललं.

परतीच्या वाटेवर आशा चिडलेली होती. कुणावर, ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. पण पेठच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना तिनं सनीला फोन लावला. “आवाज वर चढवला असेल तर खाली उतरवता येतो का?”

“येतो की, ताई. पण मूळ आवाज किती खाली होता ते कळायला नको का? नाहीतर चिमणीचा रेडा होईल.”

“ते सांगणारं माणूस आहे. तू फक्त लॅपटॉप घेऊन चल.”

सनीकडे लग्नांची कामं होती. एक रविवार गेला, दुसरा गेला. आशा रोज त्याला एक मेसेज टाकायची, त्यात फक्त ‘कधी?’ एवढंच असायचं. शेवटी त्यानं घरीच बसून आवाजाचं घुमणं जमेल तेवढं कमी केलं आणि तिसऱ्या रविवारी मोटारसायकलवर आशाला मागे बसवून बोरीपाडा गाठला. पाठीवर लॅपटॉप, पुढे टाकीवर एक स्पीकर.

तानुबाईनं त्यांना घरात घेतलं ते केवळ आशा दुसऱ्यांदा एवढं लांब आली म्हणून. सनीनं स्पीकर जमिनीवर ठेवला आणि आवाज लावला. तीच चिमणी. त्यानं पडद्यावरची एक खूण किंचित खाली ओढली.

“नाहीं,” तानुबाई म्हणाली.

त्यानं आणखी खाली ओढली. आता एखादा मुलगा बोलतोय असं वाटलं.

“नाहीं. हा तर शाळेतला पोऱ्या.”

आणखी खाली. तानुबाई पुढे झुकली. सनी आशाकडे बघू लागला, पण आशाचं लक्ष तानुबाईकडे होतं. “अजून,” तानुबाई म्हणाली. “थोडं. अजून थोडं... नाहीं, फार गेलं. वर घे. हां. थांब.”

स्पीकरमधून एक माणूस बोलत होता. जरा घोगरा, शांत, शेतावरून आलेल्या माणसाच्या थकलेल्या आवाजात. “दिस बुडना,” तो म्हणत होता. “गाडी नाहीं आनी.”

तानुबाई रडली नाही. ती स्पीकरच्या अगदी जवळ सरकून बसली आणि तिनं त्याच्या जाळीवर तळहात ठेवला, तापलेलं कपाळ बघावं तसा. “परत लाव,” म्हणाली. सनीनं परत लावलं. सहा वेळा लावलं. मग ती आत गेली आणि दोघांसाठी कोरा चहा घेऊन आली. सनीनं तो मान खाली घालून प्यायला.

मग कामाला वेग आला. आवाज उतरल्यावर सगळ्यांचंच बोलणं उलगडलं. आशा लॅब सुटल्यावर कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य लिहून घ्यायची, अडलं की तानुबाईच्या शेजाऱ्याच्या फोनवर विचारायची. दिग्दर्शकानं त्या माणसांना ‘काहीही बोला, पण गप्प राहू नका’ एवढंच सांगितलं होतं. म्हणून तानुबाईनं पोरीच्या पाण्याचं विचारलं होतं. एकजण म्हणत होता, हा टोपीवाला बोला बोला करतोय, मी काय बोलू? दुसरा म्हणत होता, तुझ्या बैलाचं सांग. आणि तो उंच माणूस, लहानू त्याचं नाव, खरंच बैलाचं सांगत होता.

मार्च संपता संपता आशानं चार पानं समाधान सरांच्या टेबलावर ठेवली. मूळ बोलणं, त्याखाली मराठी. सरांनी चष्मा लावून ती वाचली, मग पुन्हा वाचली. ऑफिसातला पंखा त्या कागदांचे कोपरे उडवत होता.

“एप्रिलच्या कार्यक्रमात हा प्रसंग या ओळींसकट दाखवा, सर. आणि नावं.”

“नाही,” ते म्हणाले. “तू मेहनत घेतलीस, मान्य. पण शंभर लोक येणार, त्यांनी हा प्रसंग बघून डोळ्यांतून पाणी काढलंय. त्यांना तिथं बैल ऐकवू? मूळ भागाला मी हात लावणार नाही.”

“ठीक आहे,” आशा म्हणाली. “मग मी बोरीपाड्यात दाखवते. ज्यांचं आहे त्यांना आधी.”

त्याच संध्याकाळी तिनं ग्रुपवर लिहिलं: येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, बोरीपाडा जिल्हा परिषद शाळा, तिसऱ्या भागातली चार मिनिटं, मूळ आवाजात. ज्यांनी काम केलं ते स्वतः हजर राहतील. गाडीची सोय आपापली. आधी सनीचा अंगठा आला. मग चैतालीनं विचारलं, किती जण मावतील? सरांनी संदेश वाचल्याची खूण उमटली, उत्तर आलं नाही.

रविवारी शाळेच्या एकुलत्या वर्गाच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. ग्रुपमधले नऊ जण आले होते, बंटीसुद्धा. पाड्यातली चाळीसएक माणसं आधीच भिंतीला टेकून बसली होती. पुढच्या रांगेत तानुबाई होती, तिच्या शेजारी लहानू, आता सत्तरीचा, काठी मांडीवर आडवी घेऊन. आशानं प्रोजेक्टर लावला तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. दारात समाधान सर उभे होते, केसांत आणि मिशांत घाटातली धूळ, खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

“चार मिनिटं काय दाखवतेस?” ते म्हणाले. “मागचं-पुढचं कळल्याशिवाय चार मिनिटांत काय कळणार त्यांना? पूर्ण भाग आणलाय. आधी तो लाव. तुझी चार मिनिटं नंतर.”

आशानं वायर त्यांच्या हातात दिली.

पूर्ण भाग झाला. कातळ दिसला तेव्हा वर्गात एकच गलका उठला, माणसं एकमेकांना ओळखून दाखवू लागली. मग आशानं ती चार मिनिटं लावली. आवाज खाली उतरलेला, पडद्याच्या तळाशी मराठी ओळी. मंगळू बोलला तेव्हा कुणीच हललं नाही. लहानूची पाळी आली तेव्हा मात्र म्हातारा काठी टेकून उठलाच.

“तो पाऱ्या!” तो म्हणाला. “पाऱ्या बैल! नदीत उतरेना तो.” पडद्यावरचा लहानू मध्येच तोडला गेला होता. म्हाताऱ्यानं उरलेली गोष्ट तिथंच पुरी केली. बैल नदीत उतरेना, सगळ्यांनी त्याला शिव्या दिल्या, आणि घटकाभरात वरून पुराचा लोंढा आला. त्या दिवशी बैलाचं ऐकलं नसतं तर चार माणसं गेली असती. वर्गात हशा पिकला. बंटी तेवढा गंभीर होऊन ऐकत होता. “हे भाकीतच झालं की,” तो चैतालीच्या कानात म्हणाला.

मग तानुबाईनं आशाला विचारलं, “ते यान आम्हाला सोडून का गेलं?”

आशानं प्रश्न मराठीत सांगितला, आणि नाशिकहून आलेले सगळे एकदम बोलू लागले. नियम, इंधन, श्रद्धा. आशा जमेल तसं इकडचं तिकडे सांगत राहिली. तानुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“त्या बाईला आमचं बोलणंच कळलं नाही,” ती म्हणाली. “तो म्हणतोय दिवस बुडाला, गाडी नाही आली. ती म्हणते, हे खुशीत आहेत. मग कशाला नेईल?”

आशानं हेही मराठीत सांगितलं. मग वळून पाहिलं तर समाधान सर जागेवर नव्हते.

ते बाहेर आंब्याखाली उभे होते. रजिस्टर छातीशी धरलेलं. आशा जवळ गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

“आमच्या हिची केमोथेरपी चालू होती तेव्हा मी रोज सकाळी तिला तेच म्हणायचो. तारा जिवंत आहे. तीही हात वर करायची. दोन वर्षं. बरी झाली ती. त्या शब्दावर मी...” ते थांबले. “आणि तो माणूस म्हणत होता, दिवस मावळला, घरी सोडा.”

आशाला एकदम कळलं, की हे गृहस्थ पुस्तकासाठी भांडत नव्हते.

“तुम्ही वहिनींना जे म्हणालात ते खरंच होतं, सर. ते कोण काढून घेणार? कॅप्टनचा अर्थही राहू द्या, मालिकाच ती. पण त्याच्या शेजारी यांचा लिहा. एवढंच मागतेय मी. आणि मी ते मागत राहणार, आज नाही म्हणालात तर उद्या ऑफिसात येईन.”

“ते ठाऊक आहे मला,” सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडं हसले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ते वर्गात परत गेले. तानुबाईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले, रजिस्टर उघडलं, चष्मा लावला.

“ताई,” ते म्हणाले, “माझ्याकडे त्रेसष्ट शब्द आहेत. मी एकेक वाचतो. कुठं चुकलंय ते सांगाल का?”

पहिल्याच पानावर तानुबाई आणि लहानू यांचंच आपसात भांडण लागलं. एका आवाजाबद्दल लहानूचं म्हणणं होतं, की तो शब्दच नाही, त्याला त्या वेळी ठसका लागला होता. सरांनी तेही लिहून घेतलं. त्रेसष्ट शब्द व्हायला दुपार झाली. मधे नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी आली, ती सगळ्यांनी त्याच वर्गात बसून खाल्ली.

निघताना सर आशाला म्हणाले, “मूळ भाग जसा आहे तसाच राहील. त्यावर मी ठाम आहे. पण एप्रिलला तो सुरू होण्याआधी पडद्यावर नावं येतील, अकरा माणसांची. मागून तुझी चार मिनिटं. कोशाचं पुस्तक या वेळी निघत नाही, ते आता नव्यानं लिहायला लागणार. तू आणि मी.”

“तानुबाईही,” आशा म्हणाली.

“तानुबाईही. नावं सगळी मिळाली?”

आशानं वहीतलं पान उघडलं. नऊ नावं लिहिलेली होती. दहाव्या आणि अकराव्या आकड्यापुढे कोरं होतं. ते दोघे भाऊ होते, कडेला उभे, तोंडं नीट न दिसणारे. लहानूला एवढंच आठवत होतं, की ते शूटिंगच्या दिवशी बहिणीकडे पाहुणे आलेले होते आणि पुढे द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेले ते तिकडेच राहिले.

“दोन राहिलीत,” ती म्हणाली. “शनिवारी दिंडोरीला जाते. सुट्टी टाकलीय.”

“एकटी?”

“मी येतो ना, ताई,” सनी मागून म्हणाला. तो मोटारसायकलच्या टाकीवर स्पीकर दोरीनं आवळत होता. “पण गाडी सातला निघेल. उशीर केलास तर थांबणार नाही.”

“मी साडेसहालाच खाली उभी असेन,” आशा म्हणाली, आणि वही पिशवीत टाकून ती त्याच्यामागे बसली.